देवापुढचा कोरियन पाला

मंडळी, शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे इथे परदेशात आमच्या हौगांगच्या ब्लॉकमधल्या कोरियन मिनजीलाही ठाऊक आहे. काल दिलेल्या पुरणपोळीच्या डब्यातून आज सकाळी तिने सुक नावाचा पाला दिला. "आईने गावच्या डोंगरावरून खुडून आणलाय, सूपमध्ये घाल."

वास घेतला तर थेट दवण्याचा! दवणा देवाला वाहतात, खातात कुठे? त्यातून रानातला. तिच्या आईला ओळखता येतो ना नक्की? मी आपला देवापुढे ठेवून दिला.

संध्याकाळी मिनजी आली आणि तिची नजर नेमकी देवघराकडे गेली. मी ओशाळले. ती मात्र हसली.

"तुझी पोळीही कालपासून माझ्या बाबांच्या फोटोपुढेच आहे. आत नक्की काय भरलंय?"

आता आधी घास कोणी घ्यायचा, तुम्हीच सांगा!