दत्तूमास्तर आणि लुळी काकडी

सर्व संबंधितांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, निपाणीत यापुढे कोणालाही, त्याने न विचारता, विज्ञान समजावून सांगितले जाणार नाही. आमचे दत्तूमास्तर गेले… महिना झाला. बातमी बेळगावच्या मोटारीच्या ड्रायव्हरने आणली. मी चहा दिला, तर तो नुसता कप धरून बसला आणि म्हणाला, आता मोटार तापली तर का तापली, हे कुणाला विचारायचं?

तंबाखूच्या वखारीत शिरले की दमट हवेत पान मऊ का पडतं, यावर मास्तर तासभर बोलत. व्यापारी मागच्या दाराने निघून जाई. मास्तर तंबाखूला सांगत राहत. आम्ही एकाच शाळेत शिकवत होतो, म्हणून स्वतःसाठी मुलगी पाहायला जाताना त्यांनी मला सोबत नेलं. घर बेळगावात, खासबागेत. मुलगी इंदू. दोन स्थळं आधीच नाकारून गेलेली. हेही गेलं तर एका थोराड बिजवराला होकार कळवायचा, असं तिच्या वडिलांनी ठरवून टाकलेलं.

जेवायलाच बोलावलं होतं. सुतगट्टीच्या घाटात मोटार तापली, आम्ही फार उशिरा पोचलो, आणि तोवर इंदूने मीठ लावून ठेवलेल्या काकडीला पाणी सुटून काप पार लुळे पडले. मास्तरांच्या घरात शेवटचा शब्द आमच्याबरोबर आलेल्या गंगूआत्यांचा. त्यांनी एक काप उचलला. तो लोंबला.

"पोरीच्या हाताला वळण न्हाय," त्या म्हणाल्या. "काकडीसुदा रडाय लागलीया."

इंदूचे वडील भिंतीला टेकले. अशा वेळी नवऱ्या मुलाने मान खाली घालून बसायचं असतं. मास्तरांनी पाण्याचा तांब्या मागवला.

काप धुऊन त्यांनी साध्या पाण्यात टाकले आणि भात निवत असताना अख्ख्या पंगतीला सांगितलं, की काकडी म्हणजे पातळ पडद्याच्या असंख्य पिशव्या. बाहेर मीठ झालं की आतलं पाणी बाहेर धावतं, बाहेर साधं पाणी आलं की ते परत आत शिरतं, आणि दोन्हीकडचा तोल जमेपर्यंत काही ही धावाधाव थांबत नाही. तेव्हा दोष हाताचा नव्हे, घाटाचा. मुलीकडे कुणी बघेना. काकडीच पाहायला आल्यासारखे सगळे वाडग्याभोवती… इंदूसुद्धा.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी एक काप आत्यांपुढे धरला. तो ताठ राहिला. आत्यांनी तोंडात टाकला. कर्रकन आवाज झाला. सावकाश चावून संपवला आणि मग, जिंकल्यासारख्या, म्हणाल्या की अळणी लागतोय. पडद्यातून मीठही बाहेर पडतं, असं मास्तर सुरू करणार तोच इंदूने, मुलीने बोलायची रीत नसताना, परत मीठ लावू का म्हणून विचारलं. तिच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"नगं गं," आत्या बोलून गेल्या, "परत पाणी सुटंल. आता लगीन झाल्यावरच लाव."