अण्णांचा फ्लास्क

तेलाची पाइपलाइन फुटली की आमच्या ऑफिसात एकच माणूस आधी डोसा मागवायचा. ते म्हणजे अण्णा, आमचे संकट व्यवस्थापन प्रमुख. बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधल्या त्या काचेच्या इमारतीत सगळे फोन एकदम वाजत असायचे, कंपनीच्या मोठ्या साहेबांचा रक्तदाब चढलेला असायचा, आणि अण्णा चटणी पुसून घेत मला सांगायचे, "स्वल्प तडी, पुणेकर. जरा थांब. तेल कुठे पळून जात नाही." तेल पळूनच गेलेलं असायचं, पण हे त्यांना सांगणार कोण.

अण्णांचं घराणं मराठी, पण बंगळुरात इतक्या पिढ्यांपासून की मूळ गाव कुठलं ते त्यांनाही धड आठवत नसे. देवाशी आणि बायकोशी मराठी बोलायची, बाकी जगाशी कन्नड, असा त्यांचा शिरस्ता होता. "इंग्रजी पगारापुरती," असं म्हणून ते पत्रक लिहायला बसत. त्या पत्रकांत तेल कधी सांडलं नाही. ते 'मार्गाबाहेर आढळलं'. मेलेले मासे 'तूर्त निष्क्रिय' असत. हा शब्द अण्णांनी गंभीरपणे सुचवला होता आणि वकिलांनी त्याहून गंभीरपणे मंजूर केला होता.

साहेबांना घटनास्थळी न्यायचं म्हणजे अण्णांचा सोहळाच. नवे कोरे गमबूट ते ऑफिसातल्या कुंडीच्या मातीनं स्वतः माखत. मग चेहऱ्याची तालीम. "शेजारी कुणी वारलं की आपण भेटायला जातो ना, तसा चेहरा ठेवा, सर. आपल्याच घरचं गेल्यासारखा नको. मग लोक भरपाई मागतात." साहेब आरशासमोर शेजारी मारून बघत.

पण अण्णांचा हुकमी एक्का म्हणजे पाणी. गावच्या विहिरीच्या काठावर उभं राहून साहेब कॅमेऱ्यांसमोर पेलाभर पाणी पीत, आणि दुसऱ्या दिवशी विहीर शुद्ध ठरे. ते पाणी अण्णांच्या निळ्या फ्लास्कमधलं, घरून उकळून गाळून आणलेलं. साहेबांच्या पोटाची त्यांना फार काळजी.

दोन-तीन वर्षांपूर्वी तुमकूर रस्त्यापासून आत एका गावाजवळ पाइप फुटला आणि तेल विहिरीत उतरलं. कंपनी गावाला टँकरनं पाणी पुरवत होती. ते टँकर साहेबांच्या डोळ्यांत खुपायला लागले. बेत नेहमीचाच: साहेब पाणी पिणार, फोटो छापून येणार, टँकर बंद.

अण्णा आणि मी आधी पोचलो. ऊन रणरणत होतं. विहिरीलगतच्या घरातल्या गौरम्मा नावाच्या म्हातारबाईंनी आम्हाला ओसरीवर बसवलं. त्या भागात पाहुणा आला की आधी गूळ आणि पाणी देतात, मग तो कुणीही असो. आम्ही कंपनीचे, हे त्यांना गाडीवरून कळलंच होतं. अण्णांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, पेला उचलला आणि ते थबकले. म्हातारीला वाटलं, पाहुणा घाबरला. ती कन्नडमध्ये म्हणाली, "निर्धास्त प्या अण्णा, विहिरीचं नाही. टँकरचं आहे. आल्यागेल्यासाठी झाकून ठेवते."

अण्णा ते पाणी मान खाली घालून प्यायले.

साहेब आले, कॅमेरे आले. हे पाणी मी माझ्या मुलांनाही देईन, असं म्हणत साहेबांनी न बघताच सवयीनं हात मागे केला. अण्णांनी फ्लास्क पिशवीतच ठेवला. विहिरीत बादली सोडली, ओढली, पेला भरला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी पेला ओठांपर्यंत नेला. वास आधी नाकात गेला. हात तिथेच थांबला, आणि त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा अगदी घरचं माणूस गेल्यासारखा झाला. पाणी काही ते प्यायले नाहीत. सगळ्या पेपरांत तोच फोटो आला आणि टँकर बंद करायची कुणाची छाती झाली नाही.

अण्णांनी 'वैयक्तिक कारणांमुळे' कंपनी सोडली. ते पत्रक मी लिहिलं आणि त्यांनीच तपासून दिलं. 'वैयक्तिक' हा शब्द छान बसलाय म्हणाले. निघताना मी विचारलं, इतकी वर्षं निभावलंत, मग त्याच दिवशी काय झालं? पिशवी आवरत ते म्हणाले, "तिच्या हातचा गूळ खाल्ला होता रे." मग फ्लास्क माझ्या टेबलावर ठेवून ते लिफ्टकडे गेले. मला रडू आलं, आणि त्या ऑफिसात रडायला कोपरासुद्धा नव्हता.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. मधूनमधून पाइप फुटतोच. गाडीत बसताना नवे साहेब सगळ्यात आधी विचारतात, फ्लास्क घेतलाय ना?

मी सांगतो, घरी विसरलो, सर.