दार लाव गा

नागपूरच्या माणसाला उन्हाळ्याशी लढायचं शिकवावं लागत नाही. थंडीपुढे मात्र तो अगदीच भोळा, हे मला गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रताप नगरच्या घरात कळलं.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते. दिवाळी सरली आणि तिचे गुडघे धरले. मुंबईच्या भावाने फोनवर फर्मानच काढलं: संक्रांत झाली की येतो आणि तिला घेऊन जातो, इकडे थंडीच नसते. आईला जायचं नव्हतं. तिथं बोलायला कुणी नाही म्हणायची आणि पदराने डोळे पुसायची.

मी दोन रॉडचा हीटर आणला. दोन्ही रॉड दिवसभर लाल, तरी आई शाल, मोजे, कानटोपी घालून कुडकुडतेच आहे. बिल आलं तेव्हा नवरा म्हणाला, एवढं तर आपलं मे महिन्यातही येत नाही. माझं डोकंच सणकलं. तुमची आई असती तर बोलला असता का, असं मी त्याला ऐकवलं. पण बिल काही खोटं नव्हतं.

मग एके दिवशी आईच्या खोलीबाहेर तुरीच्या शेंगा सोलत बसले, तर पाठीला छान ऊब लागली. बाहेर ऊब कशी? वळून पाहते तो काय, आईने दार वीतभर उघडं ठेवून खाली वरवंटा अडकवलेला!

"अवं, मशीन चालू असली का दार उघडं ठेवा लागते," आई म्हणाली. "हवा पास व्हाले पाह्यजे."

मी कपाळावर हात मारला. हा तर कूलरचा नियम! कूलर लावला की समोरचं दार उघडं, नाहीतर खोली दमट होते. जन्मभर पाळलेला नियम तिने हीटरलाही लावला होता. आणि कूलर? तो तसाच खिडकीत बसलेला, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांतून गार वारा थेट तिच्या पलंगावर.

हसावं की चिडावं कळेना. मी वरवंटा उचलला. कूलरचं तोंड थर्माकोल आणि जुन्या गोधडीने बुजवलं, दाराच्या फटीशी साडीची गुंडाळी ठेवली. दुसऱ्या खिडकीतून दुपारचं ऊन आत घ्यायचं आणि ते उतरायच्या आत खिडकी लावून पडदा ओढायचा. हीटर पायांशी, पण पांघरुणापासून लांब. एकच रॉड, आणि खोली तापली की तोही बंद. घुसमटून मरीन म्हणून आई दिवसभर कुरकुरली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून कानटोपी काढली.

पुढचं बिल मी नवऱ्याच्या ताटाशेजारीच ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि आणखी एक पोळी वाढून घेतली. काय सांगू, इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

ठरल्याप्रमाणे भाऊ आला, दोघांची तिकिटं घेऊनच. आईच्या दारात उभा राहून तिच्या तब्येतीवर भाषण सुरू केलं. आई पलंगावर साध्या सुती साडीत, अंगावर शालसुद्धा नाही.

"दार लाव गा आधी," ती म्हणाली. "सारी गरमी भाईर चालली."

त्याने दार लावलं, आत बसला आणि पुन्हा सामान भरायचा विषय काढला.

"मले तं इथंच गरम होऊन राहिलं. मुंबईले काहून येऊ?"

भावाने स्वतःचं जॅकेट काढलं.