वाकड्या हँडलची सायकल

ती घटना आठवली की आजही माझा हात नकळत टोपीकडे जातो. टोपी आता कपाटात आहे, निवृत्तीला काही वर्षं झाली. पण हाताला ते कुठलं कळायला! नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, भल्याभल्यांना कोठडीत हुंदके देताना पाहिलं. तरी कोणी विचारलं की, साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कोणती, तर मी एका सायकलची केस सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू द्या.

तेव्हा मी वाशीम जिल्ह्यात ठाणेदार होतो. ठाण्याच्या प्रमुखाला विदर्भात ठाणेदार म्हणतात, आणि मूळचा सांगलीकडचा असल्यामुळे मला त्या शब्दाचं सुरुवातीला भारी अप्रूप वाटायचं. मेडशीकडची काही गावं आमच्या हद्दीत होती. सोयाबीन काढणीचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने दवाखान्याचा मेमो पुढे ठेवला. सायकलवरून जाणारी एक बाई, पाय मोडलेला, अज्ञात वाहन.

नावं मी कोणाचीच घेणार नाही. त्या बाईला पोरी काकू म्हणायच्या, आपणही काकूच म्हणू.

काकू एका वाडीत राहायची आणि मोठ्या गावातल्या शाळेत खिचडी शिजवायची. वाडीतल्या पोरींना आठवीपासून त्याच शाळेत जावं लागे. बसची वेळ जुळत नव्हती, आणि पोरी एकट्यादुकट्या सायकलने त्या रस्त्यावर जाणार नाहीत असं बापांनी ठणकावून सांगितलेलं. तेव्हा ही बाई चाळिशी उलटल्यावर सायकल शिकली. शिकवलं पोरींनीच. काकूने हँडल धरायचं आणि पोरींनी मागचं कॅरिअर धरून पळायचं, सगळी वाडी पोट धरून हसायची. पुढे हसणं थांबलं आणि बापांनी अट घातली की काकू सोबत असेल तरच पोरगी शाळेत जाईल. रोज पुढे काकू आणि मागे ओळीने पोरी, असा तो ताफा जायचा.

मी घटनास्थळी पोचलो तेव्हा एक शेतकरी तिथे तावातावाने बोलत होता. मला वाटलं, बाईबद्दल बोलतोय. तो सोयाबीनबद्दल बोलत होता.

"साहेब, माह्या मालावरून गाडी नेली त्यानं! एवढा रस्ता मोकया होता, मंग इकडं कायले आला तो?"

रस्त्यावर माल वाळवणं हा काही पुण्याचा धंदा नव्हे, आणि एरवी मी त्यालाच दम दिला असता. पण त्याच्या प्रश्नाने मी खाली पाहिलं. डांबरावर एरवी काही उमटत नाही. त्या दिवशी मात्र पसरलेल्या शेंगांवर सगळं लिहिल्यासारखं दिसत होतं. समोरून आलेल्या गाडीची चाकं आपली बाजू सोडून सायकलींच्या बाजूला आली होती, शेंगा चिरडून पुन्हा आपल्या बाजूला गेली होती. ब्रेक लावल्याची खूण नव्हती. पोरींच्या सायकलींच्या बारीक रेघा रस्ता सोडून खाली मुरमाकडे वळल्या होत्या, जीव वाचवायला कोणीही वळेल तशा. फक्त सगळ्यात पुढची एक रेघ उलटी होती. ती मुरमाकडे न जाता रस्त्याच्या मधोमध, थेट गाडीकडे गेली होती.

पंच बोलावले, फोटो काढले, मोजमाप घेतलं. पण ती रेघ माझ्या डोक्यात अडकली. उद्या आरोपीचा वकील तिच्यावरच बोट ठेवणार आणि म्हणणार, बाईच आडवी आली. खरं सांगायचं तर मलाही तेच दिसत होतं.

दवाखान्यात काकू पाय बांधून पडली होती. जबाब घेताना म्हणाली, "गाडी आली, मी पडली. आन् काय सांगू?"

"सायकल कुठल्या बाजूला वळवली होती?"

"ते राहू द्या साहेब. माही सायकल कवा भेटन?"

सायकल आता मुद्देमाल आहे, कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही, असं मी समजावलं. तिने विचारलं, "मंग पोरी शाळेत कशा जातीन?"

त्याचं उत्तर मला वाडीत मिळालं. पोरींच्या सायकली गोठ्याच्या भिंतीला लावलेल्या होत्या आणि पोरी सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, गेलेल्या. काकूच्या मागे दुसऱ्या नंबरला असायची ती दहावीतली पोरगी अभ्यासात हुशार. तिच्या बापाने मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "दिवाळीनंतर पाहुणे येऊन राह्यले साहेब. आता शाळा बस झाली. असा रस्ता असल्यावर कोन्या भरवशावर धाडाव पोरीले?"

मी आरोपी शोधायला लागलो.

शोधायचा कसा? पोरींनी पांढरी पिकअप पाहिली होती, आणि पांढऱ्या पिकअप त्या भागात घरटी एक म्हणाव्या इतक्या. नंबरावर चिखल होता. गावागावांत विचारलं, कोणी धडक दिली का, हल्ला केला का, त्रास दिला का? सगळीकडे एकच उत्तर, "नाही साहेब, तसं काईच नाही."

आणि मग तो जबाब माझ्यासमोर आला. आमच्या जमादाराने दुसऱ्या नंबरच्या पोरीचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं होतं, "त्याने आम्हाला कट मारला." मी वाचून भडकलो. आमच्या पोलिसी मराठीत कट म्हणजे कारस्थान. दहावीच्या पोरीविरुद्ध कसलं कारस्थान आणि कोणाकोणाचं? मी जमादाराला फैलावर घेतलं. "सहआरोपी कोण यात?"

जमादार वऱ्हाडातला, वयाने मोठा. हसू दाबत म्हणाला, "साहेब, तो कट नाही. कट मारनं म्हंजे गाडी अंगावर घालाची अन् येन टायमाले काढून घ्याची. सायकलवाला घाबरते, नालीत जाते. यायले मजा वाटते."

"असं होतं इथे?"

"रोजच होते. त्याची काय तक्रार कराची?"

आता उलगडा झाला. आम्ही हल्ला म्हणत होतो, लोक त्याला कट म्हणत होते, आणि ज्याला कट म्हणतात तो गुन्हा असतो हे कोणाच्या गावीही नव्हतं. मी पुन्हा त्याच गावांत गेलो, त्याच पारांवर बसलो, आणि फक्त एक शब्द बदलला. "तुम्हाला कोणी कट मारला का?"

काय सांगू! माणसं घरातून उठून येऊ लागली. दूधवाला आला, टपाल वाटणारा आला, कॅरिअरवर चाऱ्याचा भारा बांधून जाणारे म्हातारे आले. कोणी गुडघा दाखवला, कोणी कोपर. एक आजोबा म्हणाले, "माहे दोन दात गेले साहेब. मले वाटलं माहीच चुकी, मी रस्त्यात होतो." त्यांचं ते बोलणं ऐकून मला लाज वाटली, आणि संतापही आला. रस्त्यात असणं ही चूक कधीपासून झाली?

नालीत पडलेल्या माणसाला गाडीचं तोंड दिसत नाही, तिची पाठ दिसते. मागचा नंबरही चिखलाने माखलेला, त्यामुळे तो कोणालाच सांगता येईना, पण मागच्या फाळक्यावरचं चित्र बहुतेकांना आठवत होतं. मोर होता, आणि त्या मोराला मुंडकं नव्हतं. फाळक्याची वरची पट्टी कधीतरी बदललेली असावी, तिच्याबरोबर मोराचं डोकं गेलं होतं. टपालवाल्याने तेच सांगितलं, आजोबांनी तेच सांगितलं, आणि पोरींना विचारल्यावर त्याही म्हणाल्या, "हो, बिनमुंडक्याचा मोर!"

चार दिवसांत वाशीमच्या बाजारातून आमच्या शिपायाचा फोन आला. सोयाबीन विकायला आलेल्या गाड्यांच्या रांगेत मोर सापडला होता.

गाडी चालवणारा पंचविशीचा, चांगल्या घरचा. बसताना नमस्कार केला, मला काका म्हणाला. आधी म्हणाला, त्या रस्त्याने गेलोच नाही. शेंगांचे फोटो दाखवल्यावर म्हणाला, "गेलो असन. पन ऊन डोयात होतं, बाई दिसलीच नाही."

दटावून काही निघणार नाही हे मी ओळखलं. अशा पोरांना दटावून घ्यायची सवय असते, कौतुकाची नसते. मी चहा मागवला. मग त्याच्या हाताबद्दल बोललो. म्हटलं, लोक सांगतात तू गाडी फार सफाईने चालवतोस, कट मारावा तर तूच.

गडी फुलला. "बोटभर अंतर ठेवतो साहेब. आजपावतर कोनाले गाडी लागू देल्ली नाही. अन् हाकलल्याशिवाय हे सायकलवाले बाजूले होत नाहीत."

"मग त्या दिवशी कशी लागली?"

"माही चुकी नाही ते! बाईले तं मी सोडून देल्लं होतं. कट मांगच्या पोरीले होता. मी गाडी दाबली, तं हे बाई हँडल वयवून मधातच घुसली! सारे भेतात, नालीत जातात. हे सीधी गाडीवर आली. पागल हाय का काय?"

एवढं बोलून तो थांबला. ऊन डोळ्यात असलेल्या माणसाला कोणाला सोडलं आणि कोणाला धरलं हे कसं दिसलं, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं. पण माझं लक्ष त्याच्यावर राहिलंच नव्हतं. मला शेंगांमधली ती उलटी रेघ दिसत होती. अख्ख्या नोकरीत मी पळणाऱ्यांचे माग काढले होते. समोर जाणाऱ्याचा माग माझ्या पुढ्यात पडला होता, आणि मी त्याला बाईची चूक समजत होतो. चहा तसाच राहिला.

पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून पंचनामा, फोटो आणि कट खाल्लेल्या माणसांचे जबाब यांच्यावरच आम्ही केस उभी केली. निष्काळजीपणाचं कलम बाजूला ठेवून मुद्दाम गंभीर दुखापत केल्याचं लावलं. पण त्याआधी मी दवाखान्यात गेलो.

"काकू, तुम्ही मुद्दाम गाडीसमोर गेलात?"

तिने पदर नीट केला. "हो."

"मग जबाबात का सांगितलं नाही?"

"त्यात सांगासारखं काय हाय साहेब? मंग मी रोज पुढं कायले राहत होती?"

बरोबरच्या महिला शिपायाने तोंड फिरवून डोळे पुसले. दुसऱ्या नंबरची ती पोरगी काकूच्या नात्यातली नव्हती, भावकीतलीही नव्हती. काकू तिच्यासाठी गाडीसमोर गेली, हे मी तिच्या बापाला सांगितलं. तो उठून निघून गेला. दोन दिवसांनी ठाण्यात येऊन उभा राहिला. "पाहुण्यांले नाही म्हनून सांगतलं म्या. काकू बरी होयेपर्यंत पोरींच्या पुढं मी जातो."

आरोपीच्या घरचे मिटवायला वाडीत आले होते. पोराच्या आयुष्याचा विचार करा म्हणाले. काकूने त्यांना चहा दिला आणि विचारलं, "मिटवून काय करू? रस्ता तं तोच हाय." मंडळी परत गेली.

कोर्टाच्या हुकमाने सायकल काकूला सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा कोर्टात आणायच्या हमीवर, मिळाली. चाक दुरुस्त करायची परवानगी होती, पण हँडल पुरावा होतं. ते केस संपेपर्यंत जसंच्या तसं ठेवायचं होतं. आता हँडल तर एका बाजूला वाकलेलं. सरळ जायचं तर ते तिरकं धरावं लागे. पाय बरा झाल्यावर काकू तसं धरून शाळेत जाऊ लागली.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. तपास अधिकारी म्हणून साक्षीचं समन्स आलं आणि मी मालेगावला गेलो. नाशिककडचं नव्हे, आमचं वाशीमचं. कोर्टाच्या आवारात झाडाखाली उभा होतो, तर फाटकातून मुद्देमाल स्वतःच चालत आला. पुढे वाकड्या हँडलची सायकल, तिच्यावर काकू, आणि मागे ओळीने पोरी. साक्षीला बोलावलेल्या होत्या, त्या तशाच मेडशीकडून एवढा रस्ता तुडवत आल्या होत्या. दुसऱ्या नंबरची पोरगी आता बारावीला होती.

आरोपीच्या वकिलाने नेमकी तीच रेघ धरली. फोटो काकूपुढे नाचवत विचारलं, "म्हणजे तुम्ही स्वतःच गाडीसमोर आलात, हे खरं आहे?"

"खरं हाय. मीच गेली."

वकील साहेबांना वाटलं, जिंकलो. न्यायाधीशांनी मात्र चष्मा काढून विचारलं, "का?"

"माह्या मांगं पोरी होत्या."

पिंजऱ्यात उभा असलेला तो पोरगा खाली पाहत होता. पुढे त्याला शिक्षा झाली. पण मला निकालापेक्षा काकूचं ते उत्तर जास्त आठवतं.

निकाल ऐकायला मीही गेलो होतो, आणि काकूबरोबर पोरीही आल्या होत्या. सायकल कायमची काकूकडे द्यायचा हुकूम झाला. कारकून म्हणाला, "बाई, आता हँडल सरळ करायला हरकत नाही."

"राहू द्या," काकू म्हणाली. "हाताले सवय झाली."

लोक मला विचारतात, या केसने काय शिकवलं. धाडस म्हणजे काय हे मला माहीत आहे, असं मी तोवर समजत होतो. कमरेला पिस्तूल आणि मागे फौज असताना मीही पुष्कळ वेळा पुढे गेलो आहे. हातात नुसतं सायकलचं हँडल असताना ते गाडीच्या दिशेने वळवायला काय लागतं, याचा अंदाज मला आजही येत नाही. रस्त्यावर सायकल दिसली की आता मी माझी गाडी हळू करतो, आणि ती पुढे जाईपर्यंत थांबतो.

निकालाच्या त्या दिवशी काकू कोर्टाच्या फाटकातून बाहेर पडली. हँडल तिरकं, सायकल सरळ, मागे पोरींची ओळ. माझा हात वर गेला आणि अर्ध्यातच थांबला. डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट करायचा नाही, असा आमचा नियम आहे. मग शेवटची पोरगी दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच सावधानमध्ये उभा राहिलो.