चार सिस्टर, एक पेशंट

नर्सच्या नोकरीत दोन गोष्टी साठतात, रजिस्टरं आणि किस्से. बदली झाली की रजिस्टरं चार्जमध्ये देऊन मोकळं होता येतं. किस्से कुणी चार्जमध्ये घेत नाही! म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही जव्हारला कुंदाच्या घरी जमतो आणि ते एकमेकींच्याच गळ्यात मारतो. आम्ही म्हणजे कुंदा, जामसरची यमुना, पोशेऱ्याची हिरा आणि मी. ए.एन.एम.चं ट्रेनिंग चौघींनी एकाच खोलीत राहून केलं, पुढे जव्हार-मोखाड्याच्या उपकेंद्रांत नोकऱ्या केल्या. आता चौघीही रिटायर.

*

ट्रेनिंगमध्ये पेशंटला पलंगावरच अंघोळ घालायचं प्रॅक्टिकल होतं. हिराची परीक्षा, आणि पेशंट म्हणून आडवी झालेली यमुना. हिरानं कोमट पाण्यानं पाय पुसायला घेतले आणि यमुना घोरायला लागली. आता हिरा नापास, हे आम्ही धरूनच चाललो.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वाकून यमुनाच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"पेशंट इतका कम्फर्टेबल मी आजवर बघितला नाही!"

हिराला पैकीच्या पैकी मार्क. यमुनाला उठवायला मात्र दोघी लागल्या.

*

आम्ही भेटलो की मिठ्याबिठ्या मारत नाही. यमुना आधी प्रत्येकीची खालची पापणी ओढून बघते.

"पांढरी पडलीस. आयर्नच्या गोळ्या घेतेस ना?"

"घेते की!"

हे ऐकल्यावर कुणीही कुणावर विश्वास ठेवत नाही. जन्मभर आम्ही गोळ्या वाटल्या, आणि "घेते की" म्हणणाऱ्या बायांच्या गोधडीखालून त्याच गोळ्या परत गोळा केल्या. एकदा कुंदाच्या सुनेनं चौघींच्या पर्स उलट्या केल्या. चारही पर्समधून न फोडलेल्या पट्ट्या बाहेर पडल्या. सुनेनं फोटो काढून ठेवलाय, अजून दाखवते.

*

यमुना रिटायर झाली तेव्हा मोडीत निघालेला लसीचा एक डबा तिनं मागून घेतला. त्यात बर्फ घालून ती जामसरहून आमच्यासाठी कुल्फी घेऊन निघाली. जव्हारच्या एसटीत चढली, डबा मांडीवर ठेवून बसली. मागच्या सीटवरच्या दोन बाया पोरांना काखेत मारून उतरायलाच लागल्या!

"अगं बायांनो, कुल्फी आहे यात!" यमुना ओरडली.

खालून उत्तर आलं, "मागल्या वेळंस पण असाच सांगला व्हता बाय!"

*

कुंदाच्या मुलाच्या लग्नात आइस्क्रीमवर पोरांची झुंबड उडाली. एकेक पोरगं तीन-तीनदा लायनीत. केटररनं हात टेकले. हिरा उठली, पर्समधून मार्कर काढला आणि कप हातात पडला की डाव्या करंगळीच्या नखावर खूण करायला लागली. पोलिओच्या बूथवर अर्धं आयुष्य गेलेलं, हात आपोआप चालला. पाच मिनिटांत लाइन सरळ!

नवरदेवाचे मामा दुसऱ्यांदा आले. हिरानं मान वरही केली नाही.

"करंगळी दाखवा."

मामांनी दाखवली, आणि परत गेले.

*

गेल्या दिवाळीनंतर जमलो तेव्हा हिरा आली नाही. "नाचणी काढायचीय," म्हणाली. नंतर तिच्या सुनेनं कुंदाला फोन केला. हिराच्या छातीत गाठ होती. चार महिने झाले, सुपारीएवढी झाली, आणि हिरा दवाखान्याचं नाव काढू देत नाही. याच हिरानं मोखाड्याच्या पाड्यापाड्यांत बायांना हाताला धरून दवाखान्यात नेलेलं! गाठ म्हणजे काय असू शकतं हे तिला माहीत होतं, आम्हालाही होतं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जीप करून पोशेऱ्याला गेलो. जीप दिसली तशी हिरा मागच्या दारानं नाचणीत शिरली. नर्सला बघून बाया पळायच्या तश्शी!

पळालेल्या बाईच्या मागे धावायचं नसतं. घरच्यांशी गप्पा मारत बसायचं. आपल्याविषयी काय बोलतात ते ऐकायला बाई आपणहून येते. आम्ही पडवीत बसलो, सुनेनं चहा ठेवला. कुंदानं आवाज चढवला.

"तुझ्या सासूला ट्रेनिंगमध्ये साडी नेसता यायची नाही. रोज मीच निऱ्या घालून द्यायचे!"

नाचणीतून हिरा उभीच राहिली, हातात विळा.

"खोटारडे! निऱ्या मी घालायचे तुझ्या!"

भांडायला पडवीपर्यंत आली. यमुनानं तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

"वाईट निघाली तर?" हिरा हळूच म्हणाली.

"तर काढायची," मी म्हणाले. याहून शहाणं काही मला सुचलं नाही.

*

गाठ वाईटच निघाली. नाशिकला ऑपरेशन ठरलं.

त्या दिवशी सकाळी सलाइन लावायला एक नवीन स्टाफ नर्स आली. नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला. पलंगावर एक सिस्टर आणि पलंगाभोवती तीन, हे कळल्यावर बिचारीच्या हातून दंडाला बांधायचा पट्टाच खाली पडला. पहिल्यांदा शीर हुकली. दुसऱ्यांदाही हुकली.

"पट्टा जरा वर बांध," कुंदा म्हणाली.

"आधी हात खाली सोडायला सांग," यमुना.

"मनगटाजवळ बघ ना," मीही बोललेच.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ए, तिघी!" हिरा पलंगावरून ओरडली. "भिंतीकडे तोंड करा! तिला काम करू दे."

आम्ही मुकाट भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो. मग मागून चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला.

"लागलं, मावशी!" पोरगी म्हणाली.

"बघा, जमलं की नाही तिला? वळा आता," हिरा म्हणाली.

डोळे पुसून होईपर्यंत तिघींतली एकही वळली नाही.