नसरीनची सामाईक रिपॉझिटरी आणि फुलसावंगीचा बाजार

घाटंजीत जफरभाईंच्या गॅरेजवर एक खोली आहे. खाली इंजिनं खोकतात आणि वर त्यांची लेक नसरीन कॉम्प्युटरवर बोटं नाचवते. आयुष्य रंगमंचावर घालवलेला मी माणूस. कुणाची तालीम चाललेली दिसली की खुर्ची ओढून बसतोच.

नसरीननं तीन ॲप केली होती: वडिलांच्या गॅरेजचं, राजूरच्या एका पीठगिरणीचं आणि फुलसावंगीच्या लालसिंग राठोडांच्या भाड्यानं दिल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरचं. तिन्हींचा कोड तीन ठिकाणी. एकीकडे चूक सुधारली, तरी उरलेल्या दोन्हींत ती तशीच राहायची. म्हणून तिनं तिन्ही प्रकल्प एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या एकाच कोठारात, आणले. प्रत्येकाला आपलं फोल्डर, आणि सगळ्यांना लागणारा कोड एका सामाईक फोल्डरात.

"आमच्या कंपनीचंही हेच," मी म्हणालो. "नाटकं तीन, पेटारा एक. राजा कुठलाही असो, मुकुट तोच!"

"बस्स काका, तेच करून राह्यली मी."

लालसिंगांना ॲप पसंत पडलं तर आणखी गावांची कामं मिळणार होती. नाहीतर पुण्याला आत्यानं राखून ठेवलेल्या खोलीत राहून नोकरी. नसरीनला घाटंजी सोडायची नव्हती.

लालसिंग आले. ऐटीत फोन काढून ते एका गिऱ्हाइकाच्या नांगरणीसाठी उद्याचा ट्रॅक्टर नोंदवू लागले. फोननं साफ नकार दिला: 'उद्या बाजार. ट्रॅक्टर बंद.'

बाजाराच्या दिवशी मजूर मिळत नाही, म्हणून ट्रॅक्टर उभाच असतो. पण लालसिंग म्हणाले, "बेटी, उद्या बाजार तुमचा. आमच्या गावचा वार वेगळा. घाटंजीच्या बाजारापायी मी काहून नांगरणी थांबवू?"

जिन्यात उभे जफरभाई गरजले, "पोरीनं अख्ख्या जिल्ह्याले घाटंजीच्या बाजाराले आणलं!"

नसरीन आधी लाजली, मग खदखदून हसली. लहानपणापासून एकच बाजार पाहिलेला; तो वार तिनं सरळ सामाईक फोल्डरात टाकला होता.

"मुकुट सगळ्यांचा, काका, पण संवाद ज्याचे त्याले," ती म्हणाली. तिनं बाजाराचा वार तिथून काढला आणि प्रत्येक ॲपच्या फोल्डरात त्या त्या गावाचा लिहिला. मग एकाच आज्ञेत तिन्ही ॲपच्या चाचण्या चालवल्या. सगळीकडे हिरव्या खुणा, म्हणजे तिन्ही पास. मी तर टाळीच वाजवली.

सुधारलेलं ॲप फोनवर येताच लालसिंगांनी पुन्हा नोंद केली. झाली!

"आता माह्या साडूचंही कर," ते म्हणाले. "पुसदकडं राह्यते. पण तिथला बाजार कधी, ते पहिले इचारून घे, माय!"

ते गेल्यावर जफरभाईंनी पुण्याला बहिणीला फोन लावला. "आपा, नसरीन नहीं आती. वो कमरा किसी और को दे दो."

वर नसरीन साडूसाठी नवं फोल्डर उघडत होती.