तो बॉल बाहेरच होता

आमच्या इमारतीत टेनिस कळणारं कुणीच नाही, पण टेनिसवरून चिडणाऱ्या आम्ही चौघी आहोत. सकाळी गुडघ्यांना पट्टे बांधून फिरायला जाणाऱ्या. तळमजल्यावरची मुलगी बाहेरगावी खेळायला गेली की तिची आई आमच्या ग्रुपवर स्कोअर टाकते आणि तव्यावरची पोळी करपली तरी चालेल, पण आम्ही तो आधी वाचतो. पहिला सेट सहा-एक. दुसरा दोन-सहा. तिसरा विचारूच नका. एका महिन्यात वयाने मोठ्या मुलीला धूळ चारते, पुढच्या महिन्यात कुणा नवख्या पोरीकडून हरून येते.

"डोक्यात हवा गेलीय," समोरच्या वहिनींचं ठरलेलं मत.

मला ते पटत नव्हतं. हीच पोर सात वर्षांची असताना पार्किंगच्या भिंतीवर बॉल मारत बसायची आणि भिंतीपलीकडे माझं स्वयंपाकघर. मी खिडकीतून ओरडले की पाच मिनिटं थांबायची, मग परत सुरू. त्या ठकठकीत कधी खंड पडला नाही. मग आताच पाणी कुठे मुरतंय?

नाशकातच स्पर्धा लागली तेव्हा बघायला मी एकटीच गेले. पात्रता फेरीचा शेवटचा सामना होता. जिंकली की मुख्य स्पर्धेत, आणि तिथवर ती कधीच पोचली नव्हती. पंच नव्हता. आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर, ते ज्याचं त्यानं सांगायचं, हे मला तिथे बसल्यावर कळलं. मी चाटच पडले. आपण तर भाजीवालीचा काटाही वाकून बघतो.

पहिला सेट तिने सहज घेतला. दुसऱ्यात मी डोळ्यांत तेल घालून बसले. पाय दुखतोय का? पाणी कमी पितेय का? काही दिसेना. तीच मुलगी, तोच हात, आणि बॉल जाळीत. तिसऱ्या सेटमध्ये समोरचीला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. तिचा बॉल माझ्यासमोर, रेषेच्या चार बोटं पलीकडे पडला.

"आऊट," मी उभी राहून ओरडले.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या मुलीचं बोट वर जायला निघालं होतं, ते थांबलं. मग तिने तळहात खाली केला, म्हणजे बॉल आत, आणि हात मिळवायला जाळीपाशी गेली.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "अगं, बाहेर होता ना तो?"

"बाहेरच होता, काकू."

"मग?"

"तुम्ही आधी ओरडलात. नंतर मी म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, हिने माणसं आणून बसवलीत."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माझ्या जिभेला हाड कुठाय? विचारलंच, "आणि दुसऱ्या सेटला काय होतं गं तुला?"

"तेच मीपण शोधतेय," ती म्हणाली. "तुम्हाला दिसलं का काही?"

"नाही गं."

रिक्षात बसल्यावर मी ग्रुप उघडला. परत तेच, डोक्यात हवा, नुसतं गुणी असून काय उपयोग. मी लिहिलं, "आज माझ्यामुळे हरली."

समोरच्या वहिनींचं उत्तर लगेच आलं. "तिची बाजू घेऊ नका. तुम्हीच लाडावून ठेवलंय तिला."